आधी आपलं टोक बघावं

ट्रेफर बेब बोलायला लागला की हातातला चहा गार होतो, हे हेलीच्या खोऱ्यातल्या सगळ्या रेडिओवाल्यांना मान्य होतं. रोज दुपारी चारला म्हातारा आपला जुनापुराणा सेट चालू करी आणि मायक्रोफोनचं बटण दाबून सुरू होई. आधी हवा, मग गुडघे, मग अँटेनाला केबल कोणती घ्यावी आणि कोणती फुकट मिळाली तरी घेऊ नये, मग सात वर्षांपूर्वी वारलेली बायको, आणि फिरून पुन्हा गुडघे. मध्ये कुणी नुसतं "हो का" म्हटलं तरी त्याला तेवढं पुरे. वय अठ्ठ्याहत्तर, खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला एकटं घर, शेजार मेंढ्यांचा. बोलणार तरी कुणाशी?

वेल्सचा हा मुलूख डोंगराचा. एका घरातला रेडिओ दुसऱ्या घरी पोचत नाही, मध्ये कुठली ना कुठली टेकडी आडवी येतेच. म्हणून मोएल ग्लास या टेकडीच्या माथ्यावर इथल्या रेडिओ क्लबनं रिपीटर ठेवला होता. ही पेटी एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर चारी खोऱ्यांत फेकते. लोक ते फेकलेलं ऐकतात. पेटीची देखभाल इडवलकडे होती. एकसष्ट वर्षांचा, सगळी नोकरी विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला, कमी बोलणारा माणूस. त्याला हे वेड लावलं ते ट्रेफरनंच. पहिला सेट कुठला घ्यायचा ते ट्रेफरनं सांगितलं, पहिली अँटेना त्यानं स्वतः वाकवून दिली, आणि सोल्डरचा जोड नीट जमेपर्यंत अकरा वेळा उसवायला लावला.

"रेडिओ बंद पडला की लोक आधी टेकडीच्या नावानं बोटं मोडतात," ट्रेफर म्हणायचा. "आधी आपलं टोक बघावं, लेका. आपली केबल, आपला जोड, आपली अँटेना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मग."

मार्चच्या शेवटी चॅपलमागच्या खोलीत क्लबची बैठक झाली. चहा होता, फळांचा केक होता आणि ट्रेफर नव्हता, कारण संध्याकाळी गाडी चालवणं त्यानं सोडलं होतं. म्हणूनच विषय निघाला.

"चार नवे सभासद गेले," अध्यक्ष गेथिन म्हणाला. "चौघांनीही कारण एकच सांगितलं. म्हाताऱ्याचा पट्टा संपतच नाही."

"माणूस सोन्यासारखा आहे हो," कुणीतरी म्हणालं.

"सोन्यासारखा आहे, पण ऐकवत नाही. त्याच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही, तर पेटीला घालू."

पेटीचं कुलूप म्हणजे काही अवघड प्रकार नव्हता. बोलताना आवाजाखाली एक बारीक गुणगुण पाठवायची. माणसाच्या कानाला ती कळत नाही, पेटीला कळते, आणि ती असली तरच पेटी उघडते. नव्या सेटमध्ये ही सोय आयती असते. ट्रेफरच्या सेटमध्ये ती नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येक जण केकचा तुकडा निवडण्यात गुंतला होता. बैठकीच्या वहीत कारण लिहिलं गेलं : लांबच्या स्टेशनांचा त्रास.

"मी सांगतो ट्रेफरला," इडवल म्हणाला. "त्याच्या सेटमध्ये गुणगुण पाठवणारा एक छोटा बोर्ड बसवला की झालं. मी बसवून देतो." हे तो कशासाठी म्हणाला, तर ठरावाच्या बाजूनं लाज न वाटता हात वर करता यावा म्हणून. सगळ्यांनाच बरं वाटलं. पाप वाटून घेतलं की हलकं होतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी इडवल टेकडीवर गेला आणि कुलूप घातलं. आठवड्यात बोर्ड टपालानं आला, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यानं तो पाकिटासकट टेबलाच्या खणात ठेवला. शनिवारी जाऊ, तो मनाशी म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इडवलचं घर खोऱ्याच्या तोंडाशी होतं. ट्रेफरचं छप्पर जिथून थेट दिसतं असं गावातलं तेवढं एकच घर. आणि इडवलच्या सेटवर एक बटण होतं. ते दाबलं की रिपीटर काय फेकतोय ते सोडून, रिपीटरला काय सांगितलं जातंय ते थेट ऐकू येई. टेकडीवरची पेटी सांभाळणाऱ्याला असलं बटण लागतंच. कुलूप घातल्यानंतर पहिल्याच दुपारी, चार वाजता, त्यानं ते दाबलं. नसतं दाबलं तर बरं झालं असतं.

"इडवल, लेका, आहेस का?" ट्रेफरचा आवाज स्वच्छ आला. "कुणी आहे का? बरं. नसाल."

रिपीटरवर त्याच वेळी गेथिन आपल्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. म्हाताऱ्याला ते सगळं ऐकू येत होतं, ऐकण्याला कुलूप नव्हतं. गेथिन थांबला की तो सभ्यपणे मध्ये जागा शोधी आणि म्हणे, "अभिनंदन हं गेथिन, रंग कुठला घेतलास?" मग थांबे. गेथिन दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागे. म्हातारा पुन्हा थांबे, पुन्हा जागा शोधी. लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्यालाच टाळून पुढे जातोय, आणि आपण पान सरळ करून बसलोय, असं ते होतं.

दोन दिवसांनी म्हातारा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "दोष माझ्याच टोकाला दिसतो."

इडवलला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण लाजेसारखा आळशी करणारा दुसरा रोग नाही. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर दोन वाक्यांत भागलं असतं. दुसऱ्या आठवड्यात 'एवढे दिवस का नाही बोललास' याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. तिसऱ्यात तर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शनिवार आले आणि गेले. एका शनिवारी पाऊस होता, एका शनिवारी मेव्हणा आला, आणि एका शनिवारी काहीच नव्हतं, तरी तो गेला नाही. मात्र चारला तो रोज सेटपुढे बसे आणि बटण दाबे. आपण त्याला सोबत करतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. एकतर्फी सोबत कसली, कपाळ!

म्हातारा रोज काय केलं ते सांगे. आज केबल बदलली. आज जुनी अँटेना उतरवून नवी तारेची टांगली, खिडकीतून. आज मीटर लावून पाहिला, मीटर म्हणतो सगळं ठीक. "मीटर म्हातारा झाला असेल माझ्यासारखा," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

चौथ्या आठवड्यात त्यानं फोन केला. ट्रेफर कधी रेडिओसाठी फोन करत नसे, त्याला तो कमीपणा वाटे.

"इडवल, खरं सांग. माझा आवाज येतो का रे तुम्हाला?"

"रिपीटरवर नाही येत तुमचा आवाज, ट्रेफर," इडवल म्हणाला. शब्दशः खरं होतं.

"अजिबात नाही?"

"नाही."

"तरी मला वाटलंच. वरचा जोड राहिलाय तपासायचा, धुराड्याजवळचा. पाणी शिरलं असणार."

"तुम्ही वर चढू नका. मी येतो शनिवारी."

"ये, ये. केक आणून ठेवतो. तुझ्यामागं कामं फार असतील, मी आपला उगीच त्रास देतो."

फोन ठेवल्यावर इडवलची बायको मेरेरिड दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "त्याला सांगून टाक," ती म्हणाली. "शिव्या देईल, देऊ दे. तू त्याचा हक्काचा माणूस आहेस, खाशील चार."

"शनिवारी सांगतो ना."

तो शनिवारही गेला. त्याचं कारण आता इडवललाही आठवत नाही. एकदा घसरलेला माणूस घसरतच जातो, त्याला कारण लागत नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी, चार वाजता, ट्रेफरचा आवाज आला. थकलेला होता. "आज वारा आहे," तो कुणाचंही नाव न घेता म्हणाला. "उद्या सकाळी पडला तर शिडी लावतो. एवढा एक जोड बघितला म्हणजे झालं. त्यातही नसेल तर मग सेट बंद करून ठेवतो. चाळीस वर्षं झाली, पुरे झालं."

इडवलनं मायक्रोफोन हातात घेतला. अंगठा बटणावर होता. बोलला असता तर ट्रेफरला लख्ख ऐकू गेलं असतं. पण 'चढू नका' म्हणायचं तर 'तुम्ही चढणार हे मला ऐकू आलं' हेही कबूल करायचं, आणि तेही अख्ख्या क्लबच्या कानांवर. सहा आठवडे तू ऐकत होतास, असं म्हातारा म्हणाला असता. तेवढं एक वाक्य इडवलला ऐकवणार नव्हतं. त्यानं मायक्रोफोन हुकावर टांगला.

"फोन तरी कर," मेरेरिड म्हणाली.

"फोनवर असलं बोलायचं नसतं. सकाळी स्वतः जातो, बोर्ड बसवतो, समोर बसून सांगतो. पाया पडतो हवं तर."

सकाळी तो खरंच निघाला. बोर्ड खिशात, सोल्डरची पेटी मागच्या सीटवर. वारा पहाटेच पडला होता. वरच्या रस्त्याला मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि मेंढपाळानं सावकाश, गप्पा मारत तो पलीकडे नेला. इडवल रागावला नाही, उलट त्याला बरंच वाटलं, सांगणं तेवढंच लांबणीवर पडलं. गाडीतला रेडिओ चालू होता. रिपीटरवर गेथिन आणि आणखी दोघं सकाळचा रामराम करत होते. थेट ऐकायचं ते बटण याही सेटवर होतं, पण दाबायचं त्याला सुचलं नाही.

साडेनऊला तो पोचला तेव्हा शिडी धुराड्याला लावलेली होती आणि ट्रेफर खाली खाजऱ्या झुडपांत पडलेला होता. एक पाय नको तसा वळला होता. तो गेलेला होता. उजव्या हातात लहान, हातात धरायचा जुना रेडिओ होता, आणि त्यातून गेथिन कुणाला तरी सांगत होता की आज हवा छान आहे. इडवल रेडिओ सोडवायला गेला तर बोटं बटणावर आवळलेली होती. तो तिथंच चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पडल्यावर तासभर तरी जिवंत होता, डॉक्टर नंतर म्हणाले. रिपीटर उघडा असता तर वीस घरांत हाक गेली असती.

रेडिओवाला गेला की त्याचा खांब आणि अँटेना क्लबनं उतरवायची, ही जुनी रीत आहे. घरच्यांना ते जमत नाही, आणि परक्यानं करू नये. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी सगळे ट्रेफरच्या अंगणात जमले. लुनेड, त्याची मुलगी, चेस्टरहून आलेली होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. कपाटात केक सापडला होता, कागदात गुंडाळलेला. "बाबांनी कुणासाठी तरी आणून ठेवला होता," ती म्हणाली. इडवलनं केक घेतला नाही.

शिडीवर तोच चढला. वरच्या जोडावरची चिकटपट्टी काढली. आत ठणठणीत कोरडं होतं. सोल्डरचा जोड आरशासारखा चकचकत होता, एकही खड्डा नाही. असा जोड अकरा वेळा उसवल्याशिवाय हाताला येत नाही. बराच वेळ तो तिथंच थांबला. खालून गेथिननं विचारलं, सगळं ठीक आहे ना.

तो खाली आला तेव्हा लुनेडच्या हातात वही होती. रेडिओवर रोज कुणाशी बोललो ते लिहून ठेवायची वही.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली, "पण शेवटची पानं बघा ना. 'हाक दिली, उत्तर नाही.' 'केबल बदलली, उत्तर नाही.' 'मीटर ठीक, उत्तर नाही.' सहा आठवडे हेच. आणि इथं लिहिलंय, 'इडवल कामात दिसतो, त्याला त्रास देऊ नये.' " तिनं वर पाहिलं. "तुम्ही जाणकार माणसं. सापडला का दोष? कशासाठी चढले ते तरी कळू दे मला."

गेथिन पुढे झाला. "जुने सेट, बाई. कधी काय बिघडेल सांगता येत नाही."

पाणी शिरलं होतं, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. तिलाही बरं वाटलं असतं, बाबांचा अंदाज बरोबर होता म्हणून. इडवलनं चिकटपट्टीचा तुकडा बोटांत चुरगाळला.

"दोष नव्हता," तो म्हणाला. "जोड चांगला आहे. सेटही चांगला आहे. टेकडीवरच्या पेटीला आम्ही कुलूप घातलं, तुमच्या बाबांचा आवाज येऊ नये म्हणून. ते घातलं मी. त्यांना सांगायचं होतं, तेही माझ्याकडेच होतं. मी सांगितलं नाही."

अंगणात कुणीतरी कप खाली ठेवला. लुनेडला ते समजायला वेळ लागला, चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "बाबा सहा आठवडे बोलत होते आणि तुमच्यापैकी एकालाही ऐकू येत नव्हतं?"

"तेच तर," गेथिन घाईनं म्हणाला. "आम्हाला कुणालाच कळायला मार्ग नव्हता."

"मला ऐकू येत होतं," इडवल म्हणाला. "रोज."