उरलेला तुकडा

पान मुठीत चुरगळलं तरी वाजलं नाही—म्हणजे देठाशी अजून ओल होती. आनंदानं ते टाकून दुसरं उचललं, ते कुरकुरलं, मग तिसरं... बदामाचं झाड शेजाऱ्यांचं, पानगळ मात्र सगळी यांच्या अंगणात, आणि वर फांद्यांना कोवळी पालवी अशी काही फुटलेली की चहा घेऊन मागच्या दारी आलेला आनंदा कप रिकामा झाला तरी मान वर करून उभाच राहिला होता.

खांदा कॉलनीतल्या या रो-हाउसमध्ये येऊन त्यांना चारच महिने झाले होते. मागे दहा बाय बारा फुटांची माती, आणि तिचा नकाशा सून स्नेहलनं फ्रिजवर लावलेला: इथे हिरवळ, इथे बाक, भिंतीला मधुमालती. काल जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, कोपऱ्यातला उरलेला तुकडा तुमचा. तुम्हाला आवडेल ते लावा. उद्या दहाला नर्सरीत जाऊ, तोवर फायनल करा." मुलगा निकेश हसला, शेतकऱ्याला काय विचारायचं म्हणाला. आनंदाही हसला, पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. दहाला मी काय सांगू... ओवे गावच्या शेतात पंचवीस पावसाळे भात लावलं, भातामागून वाल; जमीन जे देईल ते लावायचं, घरात जे लागेल ते लावायचं. आवडतं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःलाही नाही. पुढे शेत गेलं, तिथे इमारती आल्या, आणि विचारायचं राहूनच गेलं—

हात मात्र चालू होते. पाला कोपऱ्यात ओढला, त्यावर काटक्या, काटक्यांवर कुंड्यांसाठी आणलेलं शेणखत, वर मातीचा हलका थर. बोट ओलं करून वारा कुठून येतो तेही बघितलं, आणि काडेपेटी आणायला वळला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण राब रचलाय. फाल्गुनात रचायचे तसा, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला. रोपं इथे काढायची, आणि लावायची कुठे? त्याला आधी लाज वाटली, मग एकट्यालाच हसू आलं. रचला होता मात्र झकास.

"बाबा, हे काय?" स्नेहल दारात उभी होती, हातात गाडीची किल्ली.

"राब हाय. आमच्यात रोपांआधी जमीन भाजतात. हातानं आपसूक केला गो."

"पेटवणार नाही ना? सोसायटीवाले ओरडतील."

"नाय. कुजू दे तसाच, खत होईल."

"बरं. मग काय ठरलं?"

वांगी, भेंडी, मिरची... नावं ओठांवर आली होती. एक सांगितलं असतं की सुटला असता, कुणाला काही वाटलंही नसतं.

"आजून नाय ठरलं," तो म्हणाला. "पन खायचं काय नको."

"म्हणजे फुलं?"

"फुलंच असंही नाय. तिकडं जाऊन बगू."

स्नेहलनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि गाडी काढली. आनंदा पुढच्या सीटवर बसला, हाताला अजून शेणामातीचा वास. आपल्याला काहीतरी हवंय—सहासष्टाव्या वर्षी—आणि त्याचं नाव काय, ते वेलावर येतं की झाडाला, काही म्हणजे काही ठाऊक नाही. पण काय सांगू, ही कालपासूनची धास्ती कुठे गेली कोण जाणे. भात पिकायची त्यानं दर पावसाळ्यात निमूट वाट पाहिली होती. आता हमरस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर ओळीनं आडवे आले, स्नेहलनं इंजिन बंद केलं, आणि आनंदा चक्क वैतागला. त्याला घाई झाली होती.