मांडवाचा उंबर

अंजूरच्या हिरामणने आपल्या गोदामाच्या कुंपणावर आईसक्रीम क्रीपर लावली. गुलाबी फुलांनी पत्रा झाकला आणि वेल खुशाल शेजारच्या धोंडूबाईच्या परसात उतरली. वेल ती, तिला हद्द काय कळणार? हिरामणला तरी कुठे कळत होती!

परसात धोंडूबाईच्या नवऱ्याने लावलेला उंबर होता. आळीत कुणाचंही लग्न निघालं की मांडवाची ओली फांदी त्याच उंबराची. वाजत-गाजत यायचं, धोंडूबाईला विचारायचं, मगच कोयता लावायचा. नवऱ्यामागे तिला उरलेला मान तेवढाच.

तिने वेल दहादा कापली. पण गड्डे जमिनीत राहायचे आणि पावसाळ्यात दुप्पट जोराने फुटायचे. शेवटी ती हिरामणकडे गेली, तर तो हसला.

"वयनी, फुकट फुलं मिलतात, आनखी काय पायजे?"

ते हसणं तिला चांगलंच झोंबलं. चार पावसाळ्यांत उंबर वेलीखाली गुदमरून वाळला. नाल्याकडची एकच फांदी हिरवी उरली. लेकीच्या, पूर्वाच्या मांडवासाठी धोंडूबाई ती रोज वेलीतून सोडवायची.

अशात हिरामणच्या मितेशचं लग्न ठरलं. मांडवाच्या दिवशी सकाळीच वाजंत्री आली, मागे सगळी आळी, पुढे फेटा बांधून हिरामण.

"वयनी, उंबर कापू का?"

"कापा की, भावजी. येल तुमचीच हाय."

कोयत्याने फुलांचा पडदा खाली आला. आत नुसता वाळका सापळा. फांदी कडकन मोडली आणि वाजंत्री थांबली. मांडवाला वाळकं लाकूड! बायका कुजबुजू लागल्या.

"नाल्याकडं एक हिरवी व्हती ना?" हिरामण धावत पलीकडे गेला. तिथे ताज्या घावातून पांढरा चीक गळत होता. बाजूला शेळ्या पाला चघळत होत्या.

"शेळ्यांना घातली सकाली," धोंडूबाई म्हणाली. "तुमच्या गेटावर गुलाबी हाय ना? तीच बांधा. फुकट हाय."

हिरामण मान खाली घालून निघाला. चार वर्षांत पहिल्यांदा धोंडूबाईच्या काळजाला थंडावा मिळाला. ती हसतच वळली, तर दारात पूर्वा उभी.

"आये, आनि माज्या मांडवाला?"

धोंडूबाई शेळ्यांकडे धावली. शेवटचं पान शेळीच्या तोंडात होतं.