दाराजवळच्या पेट्या

“आई, तोड! भिंत नाही, गवत तोड! अगं, गवत!”

रत्नमालाबाईंनी माऊस असा दाबून धरला होता, जणू हात उचलला तर तो पलंगाखाली पळून जाईल.

“गवत कोणतं अन् भिंत कोणती? सारंच तं चौकोनी हाय.”

“हिरवं ते गवत.”

“मले तं ते झाडही हिरवंच दिसते.”

एवढं बोलेपर्यंत लॅपटॉपच्या पडद्यावरच्या भिंतीला खिडकीएवढं भोक पडलं. प्रज्ञाने कपाळावर मारून घ्यायला हात उचलला आणि प्लास्टरचा टणक फटका स्वतःच्याच भुवईवर खाल्ला. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेला होता. जयपुरात झोटवाड्याच्या पुलाखाली रस्त्यावर सांडलेल्या वाळूवर, बजरीवर, स्कूटी घसरली, स्कूटीला ओरखडाही आला नाही आणि प्रज्ञाचं हाड मोडलं.

हाड बसवताना ती रडली नव्हती. घरी आल्यावर मात्र ढसाढसा रडली.

कारण असं होतं, की तिच्या वर्गातल्या आठ जणांनी मिळून ठोकळ्यांच्या त्या खेळात एक गाव वसवायला घेतलं होतं. गाव आजचं नव्हे, राजे आणि जादूगार असलेल्या गोष्टींमधलं; दगडी पाया, लाकडी सांगाडा, उंच उतरती छपरं. गावाचा सरपंच पृथ्वीराज. त्याच्या घरचं बनी पार्कात गेस्टहाउस होतं, त्यामुळे कुणाला कुठे ठेवायचं हे ठरवण्याची त्याला उपजतच सवय. प्रज्ञाला त्याने चौकातली, विहिरीसमोरची जागा दिली होती. तिथे तिने बांधलेलं पहिलं घर बघून तो म्हणाला होता, “ये घर नहीं, डिब्बा है. रेलवे का डिब्बा.” वर्ग आठवडाभर हसला. आता येत्या रविवारपर्यंत धड घर उभं राहिलं नाही, तर जागा सोनमला जाणार होती. सोनमला तिथे बेकरी काढायची होती. डाव्या हाताने बांधायचा प्रयत्न प्रज्ञाने करून पाहिला, तर ती विहिरीत पडली.

“आई, जागा जाईल गं माझी,” ती हुंदके देत म्हणाली होती.

खेळ रत्नमालाबाईंना कळत नव्हता. पण ‘जागा जाईल’ हे दोन शब्द त्यांना फार चांगले कळत होते. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या खुर्चीवर बसल्या.

तेव्हापासून रोज दुपारी, कूलरसमोर, मायलेकींची शाळा भरू लागली. जून महिना, बाहेर लू वाहत होती, रेल्वे कॉलनीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आधी एका मुलीचा व्हिडिओ बघायचा आणि मग तसं करायचं. ती मुलगी हसऱ्या आवाजात हिंदीत दम द्यायची. भिंत कधीही सपाट ठेवू नका. खांब भिंतीच्या एक ठोकळा पुढे आणा, म्हणजे सावली पडेल. पायाला एकाच जातीचा दगड नको. जुना, तडकलेला, शेवाळलेला असा मिसळा. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा बाहेर काढा. छप्पर उंच आणि तीव्र उताराचं करा. आणि सगळ्यात आधी ठरवा, या घरात राहतं कोण.

रत्नमालाबाईंनी तिथे व्हिडिओ थांबवायला लावला.

“मंग? कोण राह्यते?”

“कोणी नाही गं. मतलब, लोहार वगैरे ठेवून दे. सगळे लोहारच ठेवतात.”

“लोहार नको. रंगारीण ठेव.”

“रंगारीण?”

“त्या सांगानेरले आपण गेलो होतो ना, ते बाई नाही का कापडं वाळू घालत होती? सारे हात निळे. तशी एक. मंग तिले वर माळा पाहिजे, वारा लागणारा. कापडं लटकवाले.”

“आई, हे जादूगारांचं गाव आहे.”

“जादूगार काय उघडे फिरतात?”

घर रंगारणीचं ठरलं.

पहिल्या दिवशी पाया झाला आणि गॅसवरचं वरण करपलं. दुसऱ्या दिवशी खांब उभे राहिले. तिसऱ्या दिवशी प्रज्ञा ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणत होती तेव्हा रत्नमालाबाई म्हणाल्या, “तू गप बस वं जराशी,” आणि त्यांनी छपराची पहिली ओळ एकटीने लावली. ती वाकडी आली. त्यांनी ती तोडली, पुन्हा लावली. मग पाठीमागे टेकून, मान तिरकी करून बघितलं. पोळी तव्यावर फुगते का ते त्या असंच बघत.

संध्याकाळी प्रज्ञाचे वडील, भगवान इंगळे, ड्यूटीवरून आले. रेल्वेच्या सिग्नल विभागातला माणूस. घरात शिरताना ते आधी उंबऱ्यावर थांबायचे, मग आत यायचे. दाराला लागून दोन लोखंडी पेट्या होत्या, एकीवर एक, वर फुलाफुलांची चादर. त्यांच्यावर बसून ते बुटाच्या नाड्या सोडू लागले. प्रत्येक गावी ते असेच बसायचे. पेट्यांवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव होतं आणि नावाखाली बदलीची गावं, एकेक खोडत गेलेली. अजमेर. फुलेरा. बांदीकुई. जयपूर खोडायचं बाकी होतं.

“काय करू राह्यल्या मायलेकी?”

“घर बांधू राह्यलो,” रत्नमालाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

“कोणाचं?”

“रंगारणीचं.”

“बरं,” भगवानराव म्हणाले आणि स्वतःच चहा टाकायला गेले. स्वतःच्या घराचा विषय त्यांच्याकडे कधी निघाला, की ‘रिटायर झाल्यावर बघू’ यावर तो संपायचा. रत्नमालाबाईंनीही तो बऱ्याच वर्षांत काढला नव्हता.

बाहेरून घर उभं राहिलं. प्रज्ञाने ते सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं आणि आईच्या खांद्यावर प्लास्टर आपटलं. तिच्या लेखी ती शाबासकी होती. मग आतलं सामान लावायला घेतलं. सामानाच्या पेट्या, पिंपं, चूल, पलंग, कंदील.

“आई, कंदील जमिनीवर कशाला? भिंतीला लाव.”

“भिंतीले नको. राहू दे खालीच.”

“का पण?”

“असंच.”

हे ‘असंच’ म्हणजे रत्नमालाबाईंचा जुना नियम होता. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा नाही. क्वार्टर सोडताना भिंत जशी मिळाली तशी परत करायची. त्यामुळे त्यांच्या घरी घड्याळ फ्रिजवर उभं असे, कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असे, आणि बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेली असे. प्रज्ञाचा जन्म अशाच भिंतींमध्ये झालेला. दुसऱ्यांच्या घरी खिळे असतात हे तिला ठाऊक होतं, पण त्यावर तिने कधी विचार केला नव्हता. त्यामुळे तिने कंदील खालीच राहू दिला.

रविवारी सकाळी पृथ्वीराज पाहणीला आला. आला म्हणजे त्याचा ठोकळ्यांचा माणूस चौकात आला आणि लॅपटॉपमधून आवाज आला, “प्रज्ञा, हाथ ठीक हो गया क्या? किसने बनाया ये?”

“मम्मी ने. मैंने सिखाया.”

“आंटीजी? नमस्ते आंटीजी! आप गेम खेल रही हैं?”

“खेल नहीं रही, बेटा. घर बना रही हूँ.”

मागून कुणीतरी हसलं. ती सोनम होती. पृथ्वीराज मात्र घराभोवती फिरत होता. “छत मस्त है. नींव भी सही है. ऊपर कपड़े लटका रखे हैं, ये अच्छा है. अरे, सच में अच्छा है.” रत्नमालाबाईंनी पदर सावरला, जणू तो समोरच बसला होता. मग तो आत गेला आणि खोलीभर फिरला.

“आंटीजी, ये लोग जा रहे हैं क्या?”

“कौन लोग?”

“जो यहाँ रहते हैं. सारी पेटियाँ दरवाज़े के पास रखी हैं. एक के ऊपर एक. दीवार पर कुछ भी नहीं है. बाहर से घर एकदम असली है, पर अंदर से लगता है, अभी ट्रक आएगा.”

“तो जगह मुझे दे दो,” सोनम म्हणाली. “बेकरी का सामान तैयार है मेरा.”

प्रज्ञाने पडद्याकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदाच ते दिसलं. तिच्या आधीच्या, नापास झालेल्या घरातही पेट्या दाराशीच होत्या. तिने आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत नव्हती. ती खोलीच्या दाराकडे बघत होती, फुलाफुलांच्या चादरीकडे.

“शाम तक रुकोगे, बेटा?” रत्नमालाबाईंनी विचारलं.

“रुकेंगे, आंटीजी. आप आराम से करो.”

“आई, मी सांगते तसं कर,” प्रज्ञा घाईघाईने म्हणाली. “आधी पेट्या...”

“तू जाय. आंघोळ कर. प्लास्टरले पिशवी बांधजो.”

त्या एकट्या बसल्या. छप्पर घालताना लागला नव्हता तेवढा वेळ आता लागत होता. पेटी उचलली की ती कुठे ठेवायची हा प्रश्न यायचा. रंगारणीचे रंग कुठे राहतील? धान्य कुठे? थंडीची पांघरुणं वर्षभर कुठे असतील? सामान पटकन कसं निघेल हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. कायमचं कुठे राहील, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. एक पेटी त्यांनी जिन्याखाली ठेवली. बरी वाटली. दोन माळ्यावर नेल्या. पिंपं चुलीमागच्या कोपऱ्यात सरकवली. दारापासून पलंगापर्यंतची जमीन मोकळी झाली आणि घर अचानक मोठं दिसू लागलं.

शेवटी कंदील राहिला. तो घेऊन त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. बोट माऊसवर होतं. मागे प्रज्ञा ओल्या केसांनी येऊन उभी राहिली होती.

रत्नमालाबाईंनी बोट दाबलं. कंदील भिंतीवर बसला. भिंतीचं प्लास्टर पडलं नाही.

संध्याकाळी पृथ्वीराज आत आला, जिन्याखाली डोकावला, माळ्यावर गेला, खाली आला. “पास,” तो म्हणाला. “आंटीजी, इस घर में तो मैं रह लूँ.” सोनमला गिरणीमागची जागा मिळाली. प्रज्ञा प्लास्टरसकट घरभर नाचली आणि फ्रिजवरचं घड्याळ पडता पडता वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप बंद होता. प्रज्ञा झोपली होती. रत्नमालाबाईंनी फुलाफुलांची चादर काढली, घडी घातली, वरची पेटी उतरवली आणि ओढत आतल्या खोलीत नेली. मग खालची. दोन्ही पलंगाखाली गेल्या, अगदी मोजून घेतल्यासारख्या. एवढी वर्षं ती जागा तिथे होती. दाराशी फरशीवर एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीपेक्षा नवा. त्यांनी तो पुसला.

भगवानराव आले. उंबऱ्यावर थांबले, आत आले, सवयीने पाठ वळवून बसायला गेले आणि अर्धवट वाकूनच थबकले.

“रत्ना, पेट्या कुठी गेल्या?”

“आतमंदी.”

“काहून?”

रत्नमालाबाईंचं लक्ष भगवानरावांच्या हाताकडे होतं. हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि परत आला. पुन्हा गेला. बांदीकुईला गेला होता तसाच. फुलेऱ्याला गेला होता तसाच. खिशात काय आहे ते त्यांना बघावं लागलं नाही.

“कुठी?” त्यांनी विचारलं.

“हनुमानगढ.”

“कधी?”

“महिनाअखेरीले जावं लागते.” ते अजून उभेच होते, एका हाताने भिंतीचा आधार घेऊन. “पेट्या आणू का बाहेर? तुले एकटीले ओढणं होणार नाही.”

“एकटीनंच नेल्या मी.”

आतून प्रज्ञा कुशीवर वळल्याचा आवाज आला. रत्नमालाबाईंनी दार लोटून घेतलं.

“महिनाअखेरपर्यंत आतच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “बसा. मी चहा टाकतो.”

भगवानरावांनी इकडेतिकडे बघितलं. मग ते खाली बसले, त्या नव्या चौकोनावर, आणि नाड्या सोडू लागले.