सात नंबरची तार

शिंपीणबाईंनी चिमट्यात धरलेला काळा केस उजेडाकडे केला आणि त्याचं टोक निरखलं. सात नंबरच्या काटेरी तारेपलीकडे त्यांचा धाकटा दीर कागदी पाकीट उघडून उभा होता.

अस्वलं परत यावीत म्हणून गावानं सहा वर्षं खपून हा डोंगर राखला होता. फासे काढून टाकले, रानातली फळं तोडणं बंद केलं. बारा ठिकाणी झाडांभोवती तार ओढून मधोमध माशाच्या तेलात भिजवलेली चिंधी ठेवली. वासानं आलेलं अस्वल तारेखालून गेलं की केस अडकतात, आणि नर की मादी ते प्रयोगशाळेत कळतं. यंदा मादी असल्याचं सिद्ध झालं नाही, तर डोंगर खाणवाल्यांकडे जाणार होता. केसांच्या पाकिटावर सह्या दोन लागत, त्याही बोलचाल नसलेल्या दोन घरांतल्या. कुणी कुणाला पाठीशी घालू नये म्हणून गावानंच काढलेली ही शक्कल. अशा जोड्यांचा गावात तुटवडा नव्हता.

या दोन घरांची बोलचाल भावाभावांच्या वाटणीपासून, म्हणजे आठ वर्षं बंद होती. डोंगरावर कामापुरतं बोलायचं, इतकंच.

"भाऊजी, हे केस कापलेले आहेत."

"कशावरून?"

"तीस वर्षं कात्री चालवतेय मी. ओढून निघालेल्या केसाला मूळ असतं. याचं टोक बघा."

दिरानं पाहिलं नाही. चोराच्या मनात चांदणं, असं शिंपीणबाईंना वाटून गेलं. मागच्या वर्षी याच तारेवरचे केस त्यानं स्वतः काढले होते. त्यांना मूळ नाही, काही सांगता येत नाही, असं प्रयोगशाळेनं कळवलं, आणि एका वर्षाची मुदत मिळाली.

"मागच्या वर्षीही असेच होते," तो म्हणाला. "तरी मी सही केली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, वहिनी? बाबांनी मारलेल्या अस्वलाचं कातडं वाटणीत तुमच्याकडे गेलं. कात्र्याही तुमच्याच घरात."

सकाळपासून शिंपीणबाई ज्याच्यावर डोळा ठेवून होत्या, तो वर्षभर त्यांच्यावर डोळा ठेवून होता. त्यांना राग आला, आणि रागाहून लाज जास्त वाटली.

"आपण सांगितलं तर एक तार बाद होईल. प्रयोगशाळेनं पकडलं तर सगळी मोजणी जाईल," दीर म्हणाला. "उद्या शेवटची फेरी आहे. तोवर गप्प बसतो. मग मात्र गावाच्या मोजणी समितीला तुमचं नाव सांगावं लागेल."

घराच्या पुढच्या भागातल्या दुकानात नवरा इस्त्री करत होता. अस्वलं गेली खड्ड्यात, हे त्याचं चौकातलं रोजचं वाक्य. बाई आत आल्या तरी त्यानं मान वर केली नाही.

"सातवर काही मिळालं?"

बारा तारांमधली सातच याच्या तोंडी का यावी? शिंपीणबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"मिळालं. पण मूळ नव्हतं."

इस्त्री सदऱ्यावर तशीच थांबली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यानं ती उचलली.

"मादी आहे गं वर," तो म्हणाला. "दोन वर्षं बघतोय समोरच्या कड्यावरून. यंदा दोन पिल्लं आहेत. सातच्या वरच्या घळीत एका झाडाला अंग घासते."

"मग कातडं कातरण्याऐवजी तिथले केस का नाही आणले?"

"पिल्लांची आई ती. जवळ जायची छाती नाही झाली. आणि मी सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं असतं?"

"भाऊजींना सांगायचं. रान त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

त्यानं करपलेल्या सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्यांना माझा संशय आहे," बाई म्हणाल्या. "उद्या समितीपुढे नाव माझं जाईल."

बराच वेळ तो सदऱ्यावरचा डाग नखानं खरवडत राहिला.

"उद्या डोंगरावर किती वाजता निघतो तो?" त्यानं विचारलं.