शेवटचा अंतरा

आमच्या गायन पार्टीची कॅसेट निघाली, तेव्हा तिच्यावर गीतकार म्हणून माझं नाव होतं. मी कमळाकर, खोपोलीच्या कारखान्यातला फिटर. जन्मात गाण्याची एक ओळ लिहिली नाही. पगाराच्या कागदावर सही करायची, एवढंच माझं साहित्य.

गाणी सगळी मालोजीची. मालोजीचं कुंभिवलीला हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता हा माणूस चाल बांधायचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली. वही नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. तो गायचा, पांडू ढोलकीवर, जयवंता आणि आणखी दोघं कोरसला आणि मी गिटारवर. गिटार विजेवर चालणारी, कारखान्यातल्या एका गोव्याच्या मेकॅनिककडून जुनी घेतलेली. पहिल्या जयंतीला ती स्टेजवर काढली तेव्हा म्हातारी मंडळी म्हणाली, तुणतुण्याला करंट लावलाय काय रं. पुढच्या वर्षी तीच मंडळी पुढे बसायला भांडली. खालापूरपासून कर्जतपर्यंत असं एक बुद्धविहार नसेल, जिथे आम्ही वाजवलं नाही.

आमच्यात एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं. त्याला छाप म्हणतात. सामन्यात समोरच्या पार्टीनं आपलं गाणं उचललं तरी छाप गावीच लागते. जो खातो तो चोर. आणि मालोजीची स्वतःची आणखी एक रीत. छाप आली की तो डावा हात वर करायचा, आणि आम्ही सगळे गप्प. ढोलकी नाही, कोरस नाही. आपलं नाव माणसानं एकट्यानं सांगावं, असं तो म्हणायचा. आम्ही तेवढ्यात घाम पुसून घ्यायचो. मी तर पुढच्या गाण्यासाठी तारा पिळत बसायचो.

चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं. टेंपोत सामान टाकून गेलो. मोठी तबकडी, दहा गाणी. कंपनीच्या साहेबानं घड्याळ लावून ऐकलं आणि म्हणाला, प्रत्येक गाणं मिनिटभर जास्त होतंय. मालोजी बावचळला. कुठला अंतरा टाकायचा, पोटच्या पोरांतलं कुठलं विहिरीत ढकलायचं? तेव्हा शहाणपण कोणाला सुचलं? मला. फिटर माणूस मी, जे जास्त भरतं ते कापायचं, ही हाताला सवय. मी म्हणालो, शेवटचा अंतरा सगळ्यांतून काढू, त्यात नुसतं नाव तर असतं, आणि नाव कव्हरवर येणारच आहे.

मालोजी म्हणाला, "कव्हर फाटतं रं कमळ्या." पण साहेब घाई करत होता, पांडूची दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाळी होती, आणि मालोजीला कोणाचा खोळंबा करणं कधी जमलंच नाही. दहाही गाणी बिनछापेची गायला. कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यानंच मला पुढे ढकललं. तू शिकलेला, इंग्रजीत सही करतोस, कर. मी ऐटीत केली.

तबकडी निघालीच नाही. साहेबाचं म्हणणं, गिटार आहे म्हणून खेडं घेणार नाही आणि ढोलकी आहे म्हणून शहर. पहिली दोन वर्षं मालोजी गिऱ्हाइकांना सांगायचा, निघेल. मग सांगणं बंद झालं. पार्टीही मोडली. चौऱ्याऐंशीत त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. दुकान विमलवहिनी चालवू लागल्या. बाईमाणूस पंक्चर काढतंय म्हणून ट्रकवाले उगाच थांबून बघायचे.

आणि शहाऐंशीत, कॅसेटचा धंदा फोफावला तेव्हा, कंपनीनं जुनी टेप झटकून बाहेर काढली. कागदावर माझी सही, म्हणून नाव माझं. गीत, संगीत कमळाकर आणि पार्टी. मालोजीचं नाव कुठेच नाही, बारीक अक्षरातसुद्धा नाही.

मी कंपनीत गेलो. तिथल्या माणसानं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि लेखी पुरावा मागितला. लेखी कुठून आणणार? आमचा पुरावा म्हणजे छाप, आणि ती मीच कापलेली. निदान ते अंतरे तरी गोळा करू म्हणून पांडूकडे गेलो, जयवंताकडे गेलो. कोणालाही येत नव्हते. जयवंता म्हणाली, तेवढ्यापुरतं आम्ही गप्प असायचो, पाठ कसं होणार? कोणाच्या तरी कानात एखादी ओळ अडकली असेल, या आशेवर मी कर्जतपर्यंत फिरलो. लोकांना मधलं सगळं येत होतं.

खोपोलीत माझा सत्कार ठेवला. मी स्टेजवर उभा राहून सांगितलं, ही गाणी मालोजीची आहेत, मी फक्त तारा छेडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, बघा, मोठ्या कलावंताचा विनय असा असतो. गळ्यात हार घालून मी चोरासारखा घरी आलो. चोरासारखा कशाला, चोरच.

पंधरा दिवस टाळलं. मग एका रविवारी दुपारी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन कुंभिवलीला गेलो. मालोजी खाटेवर भिंतीला टेकून बसलेला. कॅसेटचं कव्हर मी खिशातच ठेवलं होतं. त्यानं डावा हात पुढे केला, तेव्हा द्यावं लागलं. वाचायला त्याला वेळ लागला. मग त्यानं ते उशीशेजारी ठेवलं आणि टेपकडे बोट केलं.

पहिलं गाणं लागलं. त्याचा बारा वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज आणि मागे माझी ती गिटार. विमलवहिनी हातातली ट्यूब तशीच घेऊन दारात आल्या. मालोजीचे ओठ हलत होते. तिसरा अंतरा संपला आणि त्यानं डावा हात वर केला.

मी टेप बंद केली. काय करत होतो ते मला कळलं नाही. इतक्या वर्षांची सवय, हात वर झाला की गप्प. मालोजीनं तोंड उघडलं. घशातून एक घरघर आली, तिला ना शब्द ना सूर. पण लांबी बरोबर होती. अंतरा जेवढा असायचा तेवढा वेळ तो आवाज चालला, मग थांबला, आणि हात खाली आला. मी पुढचं गाणं लावलं.

असं दहा वेळा झालं. दहा अंतरे तो गायला आणि एकातलाही शब्द माझ्या हाती लागला नाही. शेवटी तो दमून डोळे मिटून पडला. मला रडू आवरलं नाही.

विमलवहिनींनी कव्हर उचललं, उलटसुलट केलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "सगळं हाय की ह्या गाण्यांत. ह्यांचं नाव तेवढंच का वो काढलंत?"

"एक मिनिट जास्त होत होतं," मी म्हणालो.