खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, दाराला गंज चढलेला आणि पोटात सदा घरघर असलेला मी एक जुना फ्रीज आहे. पण मला साधासुधा समजू नका हं! बीडकडच्या एका लहानशा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. कारखान्यातून माझ्यासोबत निघालेले भाऊ घरोघरी गेले, त्यांच्या वाट्याला आमरस आला. माझ्या वाट्याला पोलिसांनी लाखबंद करून पाठवलेले नमुने! आधी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? पुढं या कामाचाच अभिमान वाटायला लागला.

एका वर्षी माझ्याकडे कढीची बरणी आली. तलवाड्याच्या विजयसिंहांकडं साखरपुडा होता. जेवल्यावर पाहुणे ओकायला लागले. सगळे बरे झाले, पण विजयसिंहांनी बोट दाखवलं ते आचारीण मंजुळाबाईकडं. "हिनंच विष कालवलं!" बिचारीला स्वयंपाकाची बोलावणी बंद झाली. तिचं सगळं नाव आता त्या बरणीत होतं.

अशात खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडं औजारं पुसून पुजतात आणि त्यांना काम लावत नाहीत. आमचे शिपाई उत्तरेश्वर मोठे भाविक. सकाळीच त्यांनी मला पुसलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि चक्क प्लग काढला! अहो, काय करता हे? पण मला बोलता कुठं येतं! दार घट्ट मिटून होता तेवढा गारवा धरून बसलो. जीव नुसता बरणीत अडकला होता.

दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख ऋतुजा मॅडम पूजेला आल्या. माझी घरघर ऐकू येईना, तशा धावल्याच.

"बारा महिने राबतंय बिचारं," उत्तरेश्वर चाचरले. "म्हणलं, आज तरी इसावा द्यावा."

मॅडमनी प्लग लावला. आतला गारवा उतरला होता.

"आता चालू झालाय की. कुणाला काय कळतंय?"

"काका, उद्या हे कोर्टात निघालं तर मंजुळाबाईंचा खरा अहवालही कुणी मानणार नाही."

उत्तरेश्वरांनी माझ्या दारावरची माळ सारखी केली. मग म्हणाले, "मीच सांगतो सायबाला."

आणि सांगितलं! मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले, माझ्यासमोरच खुर्च्या मांडून बैठक झाली.

"हे डबडं फेका, नवं घ्या," साहेब म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नवं जरूर द्या," मॅडम म्हणाल्या, "पण सुट्टीला देखरेख कुणी करायची, वीज गेली तर काय, आणि स्वतःहून चूक सांगणाऱ्याला शिक्षा करायची का, हेही ठरवा. शिक्षा केलीत तर पुढची चूक कुणी सांगणार नाही."

साहेबांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग सुट्टीच्या पाळ्या लागल्या, बॅटरी आली, उत्तरेश्वरांची नोकरी राहिली. मीही राहिलो.

अहवालात गारवा उतरल्याचं स्पष्ट लिहिलं. निकाल मात्र पक्का निघाला. कढीत तांबं उतरलं होतं, आणि ते काही उबेनं नासत नाही. विजयसिंहांनीच हौसेनं दिलेल्या बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यात कढी कळकली होती. मंजुळाबाई सुटली.

तरी लोक तिला बोलवायला कचरत होते. तेव्हा उत्तरेश्वरांनी पोरीच्या, करिष्माच्या लग्नाचा स्वयंपाक तिलाच दिला. पहिल्या पंगतीत कढीला कुणी हात लावेना. उत्तरेश्वरांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि पुन्हा पुढं धरली. "वाढा बाई, लई झ्याक झालीय!" मला पुसताना हे ते अजून सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना जपा. आणि आपली चूक आपण होऊन सांगणारं माणूस भेटलं, तर त्याला आमच्याहून जास्त जपा.