दाराच्या बाजूला बसणारी खुर्ची

मित्रांनो, माझ्या गादीच्या तीन बाजू बारीक, सरळ टाक्यांनी शिवलेल्या आहेत. चौथी बाजू मात्र वेडीवाकडी आहे. मी एक जुनी लाकडी खुर्ची. लोक आधी माझ्या झिजलेल्या पायांकडे बघतात. पण माझी गोष्ट त्या चौथ्या बाजूत आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

त्या संध्याकाळी टाचणीताई जमिनीवर बसून मला नवा अभ्रा शिवत होत्या. त्या कपड्यांच्या दुकानात मापं कमी-जास्त करून देण्याचं काम करायच्या. कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या असायच्या आणि बोलणंही तसंच टोचरं, म्हणून हे नाव पडलं. तीन बाजू शिवून झाल्या, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांची लेक न्यायला आली होती. टाचणीताईंनी खिडकीतून हाक मारली.

"अगं, दोन मिनिटं आत ये ना! खुर्चीला नवं कापड घातलंय, बघ तरी."

"नको गं आई, इथे गाडी लावायला जागा नाही. तूच ये लवकर."

"एवढा मोठा रस्ता आहे आणि म्हणे जागा नाही," टाचणीताई पुटपुटल्या. उरलेल्या बाजूला त्यांनी भराभर टाचण्या लावल्या, कात्री पिशवीत टाकली, पिशवी खुंटीला अडकवली. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "उद्या शिवते गं तुला."

लेक नेहमी अशीच बाहेरून हॉर्न वाजवायची. लहानपणी एकदाच ती या खोलीत आली होती. त्यानंतर कधीच नाही. का, ते सांगते. पण त्याआधी थोडं माझ्याविषयी.

एका सुताराने दारांच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून मला बनवलं. मी गेले ती फोटो स्टुडिओत. तिथे माझी काय ऐट होती म्हणून सांगू! माझ्यावर बसायचं म्हणजे केस विंचरून, नवे कपडे घालून. नवरानवरी, पदवी मिळवलेली मुलं, दात नसलेली तान्ही बाळं, सगळी माझ्यावर बसून हसली. फोटोवाला म्हणायचा, "हिच्यावर बसलं की माणूस ताठ दिसतो." पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. फोटोवाल्याने मला या संस्थेला देऊन टाकलं.

ही संस्था बायकांना मदत करते. ज्यांना घरात मारहाण होते, ज्यांना घराबाहेर काढलं जातं, ज्यांना कुठे जावं ते कळत नाही, त्या इथे येतात. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणतात. त्यांनी मला आपल्या टेबलासमोर ठेवलं, पाठ दाराकडे करून. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसलेलीचा चेहरा दिसू नये, तिची लाज राखली जावी, हा त्यांचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण माझ्यावर बसलेली प्रत्येक बाई सारखी मान वळवून मागे बघायची, आणि ते का, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. स्टुडिओत ताठ बसणारी माणसं पाहिलेली मी. इथल्या बायका माझ्या काठावर बसायच्या, आत्ता उठून पळायचंय अशा.

टाचणीताईही पहिल्यांदा आल्या तेव्हा तशाच बसल्या होत्या. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हाताला शाळेच्या गणवेशातली मुलगी. मुलीला बसायला जागा नव्हती. ती माझ्या हाताला धरून उभी राहिली आणि नखाने माझं पॉलिश खरवडत राहिली. आई मोठ्या ताईंना घरचं सांगत होती, मधेच मागे वळून दार बघत होती. मुलगी एकदम म्हणाली, "आपण घरी कधी जायचं?"

"आपण आता तिथे नाही जायचं, बाळा."

"माझी सायकल तिथे आहे. माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. तू मला विचारलंस का?"

टाचणीताईंनी पुन्हा मान वळवून दार बघितलं. मुलीने माझ्या हातावरचं पॉलिश अजून थोडं काढलं. तो ओरखडा आजही आहे.

दिवस गेले. टाचणीताईंना काम मिळालं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं. मग मोठ्या ताईंनी एक वेगळीच गोष्ट केली. पूर्वी मदत घेऊन गेलेल्या बायकांना त्यांनी बैठकीला बोलावलं. म्हणाल्या, "आम्ही तुमच्यासाठी सगळं ठरवतो. आता तुम्ही सांगा, आमचं काय चुकतं?"

सगळ्या चहाच्या कपात बघत बसल्या. शेवटी टाचणीताई म्हणाल्या, "ही खुर्ची फिरवा."

"ताई, ती मी मुद्दाम तशी ठेवली आहे. तुमचा चेहरा बाहेरच्यांना दिसू नये म्हणून."

"चेहरा दिसला तर दिसू दे हो. पाठ उघडी नको. कोण आत येतंय ते दिसलं नाही, तर तुमचं बोलणं माझ्या कानातच शिरत नाही. त्या दिवशी तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं मला अर्धंही आठवत नाही."

मोठ्या ताई उठल्या, माझ्यावर बसल्या, दाराकडे पाठ करून. दोनदा मान वळवून त्यांनी मागे बघितलं. मग त्यांनीच मला फिरवलं.

टाचणीताईंना त्याचा केवढा अभिमान! दुकानातून सुटल्या की रोज इथे मदतीला यायच्या, आणि नवी कुणी आली की आधी बघायच्या, खुर्चीचं तोंड दाराकडे आहे ना. मग बैठकीला एक बस कंडक्टर येऊ लागली. तीही मला फिरवल्यानंतर माझ्यावर बसून गेलेली. आवाज असा, की ती कुजबुजली तरी रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

"मला नाही पटत," ती म्हणाली. "दार समोर असलं की मी दारच बघत बसते. आता येईल, मग येईल. मला भिंतीकडे तोंड करून बसायचं होतं. पण कुणी विचारलं?"

"अगं, मी अनुभवातून सांगतेय," टाचणीताई उसळल्या. "दार दिसलंच पाहिजे!"

"अनुभव काय तुम्हाला एकटीलाच आहे? तुम्ही पण आता मोठ्या ताईच झालात की!"

सगळ्या खो-खो हसल्या, मोठ्या ताई सर्वांत जास्त. टाचणीताईंचं तोंड मात्र फुगलं. बैठक संपेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. सगळ्या गेल्यावर त्या माझ्यावर येऊन बसल्या. नखाच्या ओरखड्यावरून त्यांचं बोट फिरत राहिलं. मग त्या मोठ्या ताईंना म्हणाल्या, "माझी पोरगी इथे उभी राहून हेच म्हणाली होती. तू मला विचारलंस का? आणि मी बघा, काय शिकले!"

त्या दिवसापासून इथे एक रीत आहे. मी खोलीच्या मधोमध उभी असते. येणाऱ्या बाईला पहिला प्रश्न नाव-गाव नाही. "कुठे बसायला आवडेल?" ती मला हवं तिथे ओढून नेते. तिने सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही. कुणी मला दाराशी नेतं, कुणी कोपऱ्यात. एकीने तर मला खिडकीपाशी नेलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. मित्रांनो, खुर्ची ओढायला फार जोर लागत नाही. पण ती ओढून झाल्यावर त्या बाईचे खांदे जरा खाली येतात, हे मी रोज बघते.

मधे माझे वाईट दिवसही आले. एका दुकानदाराने संस्थेला भलामोठा सोफा दिला. मला अडगळीत टाकलं. तिथे एक मोडका पंखा आणि मी, एकमेकांकडे बघत बसायचो. पण सोफा कुणाला हलवता येईना, आणि त्यात बसलं की उठता येईना. पुढच्या बैठकीत कंडक्टरचा आवाज मला अडगळीपर्यंत ऐकू आला. "यातून बाहेर पडायला क्रेन मागवावी लागेल! आमची खुर्ची कुठाय?" मला बाहेर काढायला टाचणीताई स्वतः आल्या. माझ्यावरची धूळ त्यांनी आपल्या बाहीने पुसली.

अशी वर्षं गेली. लेक शिकली, नोकरीला लागली, तिने गाडी घेतली. रोज संध्याकाळी आईला न्यायला यायची, पण बाहेरच थांबायची. एकदा मोठ्या ताईंनी विचारलं, "ती आत का येत नाही हो?"

"मी तिला तिच्या घरातून उचलून आणलं, ते तिने मनातून काढलेलं नाही," टाचणीताई म्हणाल्या. "करते सगळं माझं. जीव लावते. पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. इथे येणाऱ्या सगळ्यांना मी विचारते, कुठे बसायला आवडेल म्हणून. पोरीला मात्र विचारायचा धीर होत नाही, की मी तेव्हा चुकले का गं?"

आणि मग ती संध्याकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. उद्या शिवते म्हणून त्या गेल्या, आणि उद्या आल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं मोठ्या ताई कुणाला तरी सांगत होत्या. माझ्या टाचण्या कुणी काढल्या नाहीत. सगळ्या जणी तेवढे दिवस स्टुलावर बसल्या.

काही आठवड्यांनी लेक आली. या वेळी हॉर्न वाजला नाही. ती दारात उभी राहिली. "आईची पिशवी न्यायला आले," म्हणाली.

कंडक्टर खुंटीकडे निघाली होती. ती थांबली. नेहमीच्या सवयीने, पण हळू आवाजात, तिने विचारलं, "कुठे बसायला आवडेल?"

लेकीने खोली पाहिली. टेबल पाहिलं. मग मला ओढत तिने नेमकं तिथे नेलं, जिथे मी त्या पहिल्या दिवशी होते. आणि बसणार तोच—

"अहो थांबा, टाचण्या!" कंडक्टर इतक्या जोरात ओरडली की मोठ्या ताई आतून धावत आल्या.

लेक वाकून बघायला लागली. आधी ती हसली. "जाता जाता पण टोचलीच," म्हणाली. मग तिने खुंटीवरच्या आईच्या पिशवीतून सुई-दोरा काढला. आई बसायची तशी जमिनीवर बसली आणि चौथी बाजू शिवू लागली. तिला शिवता येत नव्हतं. टाके लांब-आखूड पडत होते. एकेक टाचणी काढून ती आपल्या कॉलरला खोचत होती. मधेच तिचा हात माझ्या ओरखड्यावर थांबला.

"हा माझा," ती म्हणाली. "मी इथे उभी होते. मला बसायला काही नव्हतं."

मोठ्या ताई आणि कंडक्टरने एकमेकींकडे पाहिलं. "आईबरोबर आलेल्या मुलांना आम्ही कधी विचारलंच नाही," मोठ्या ताई म्हणाल्या. "पुढच्या बैठकीला येशील? हेच सांगायला?"

लेकीने मान डोलावली. आज माझ्याशेजारी एक छोटी खुर्ची असते. हलकी, एका हाताने ओढता येते अशी. ती अजून नवी आहे, फार बडबड करते.

मित्रांनो, जुन्या खुर्चीची एकच विनंती. आमचे पाय झिजले तर झिजू द्या, आम्ही त्यासाठीच आहोत. पण आमच्यावर कुणाला बसवण्याआधी त्याला जरा विचारा. आणि आपलं माणूस खिडकीतून हाक मारत असेल, तर दोन मिनिटं आत या. गाडी लावायला जागा मिळते.

त्या दिवशी मोठ्या ताई आणि कंडक्टर चहा करायला आत गेल्या. लेकीने शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला. मग ती माझ्यावर बसली. काठावर नाही, पाठ टेकून बसली. दार तिच्या मागे होतं. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. ओरखड्यावर हात ठेवून, खोलीत कुणी नसताना, ती स्वच्छ आवाजात बोलली.

"आई, तू मला विचारलं नव्हतंस. विचारलं असतंस, तर मी नको म्हणाले असते, आणि तू तिथेच थांबली असतीस. बरं केलंस, नाही विचारलंस."